डिव्हिजन थ्री फुटबॉल: यंदा आमच्या संघाचं काय होणार? आणि कोच बदलायला हवा का?

रंकाळा_टॉवर | १७ ऑगस्ट, रात्री ९:४२

आत्ताच पोराला कॉलेजवर सोडून घरी आलो. साडेतीन तास जायला, साडेतीन यायला. उद्यापासून त्याचं प्री-सीझन सुरू. येताना गाडीत जे डोक्यात घोळत होतं ते इथे ओततोय, कारण घरी कोणी ऐकून घेत नाही. बायको म्हणते, "खेळतोय तो, घाम तुम्हाला का फुटतोय?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डिव्हिजन थ्री म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची तिसरी पायरी. आमचं पेनसिल्वेनियातलं छोटं कॉलेज, सगळी मिळून अठराशे मुलं. नाव देत नाही, आजकाल भाषांतर करून कोणीही वाचतं. पोरगा लेफ्ट बॅक (डावीकडचा बचावपटू), यंदा दुसरं वर्ष. मी मूळ कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर वाढलेला. पाटाकडील आणि दिलबहारच्या मॅचला शाळा बुडवलेला माणूस आहे, त्यामुळे फुटबॉल मला टीव्हीवरून कळलेला नाही एवढं गृहीत धरा.

गेल्या मोसमात १७ सामने. जिंकले ५, हरले ७, बरोबरीत ५. कॉन्फरन्सची (म्हणजे आमच्या कॉलेजांच्या गटाची) प्लेऑफ एका गुणाने हुकली. कोच वीस वर्षांहून जास्त तिथेच आहेत. माणूस सज्जन, वाद नाही. पण खेळ एकच: मागून उंच बॉल, पुढे एक धिप्पाड स्ट्रायकर, त्याने डोकं लावायचं, बाकीच्यांनी धावायचं. तो स्ट्रायकर मे महिन्यात पदवी घेऊन गेला. आता बॉल कोणाच्या डोक्यावर टाकणार? शिवाय सीनियर (शेवटच्या वर्षाचे) आधी, बाकी नंतर. माझ्या पोराला अख्ख्या मोसमात १४० मिनिटं मिळाली.

तर यंदा आशा धरावी का? आणि कोच इतकी वर्षं एकाच जागी असावा का? मोकळेपणाने लिहा.

सदाशिव_दुपारी_बंद | १७ ऑगस्ट, रात्री १०:१५

छापील फी वर्षाला ऐंशी हजार डॉलर धरली तरी मिनिटाला साडेपाचशेच्या वर पडले. एवढ्यात चांगली मारुती येते हो. हलके घ्या.

पण खरंच विचारतो, खेळतो म्हणून काही स्कॉलरशिप वगैरे?

स्मिता_न्यूटन | १७ ऑगस्ट, रात्री १०:५०

सदाशिवराव, डिव्हिजन थ्रीत खेळासाठी एक डॉलरही देता येत नाही. नियमच आहे. गरजेनुसार मदत मिळते, मार्कांवर मिळते, पण "लेफ्ट बॅक चांगला आहे" म्हणून फी कमी होत नाही. तरी चारशेहून जास्त कॉलेजं पुरुष फुटबॉल संघ उतरवतात आणि मुलं पहाटे सहाला उठून सराव करतात.

माझा मुलगा नेस्कॅकमधल्या एका कॉलेजातून खेळून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडला. (नेस्कॅक म्हणजे ॲमहर्स्ट, विल्यम्स, टफ्ट्स, मिडलबरी, बोडन वगैरे न्यू इंग्लंड आणि न्यूयॉर्कमधली अकरा कॉलेजं.) पहिलं वर्ष त्याने जवळजवळ पूर्ण बाकावर काढलं. मीही तुमच्यासारखीच गाडीत बडबडायचे. त्यामुळे टोमणा मारत नाही, समदुःखी आहे.

एक सांगते. कोच काय करतो ते आपण शनिवारी दुपारी नव्वद मिनिटं बघतो आणि त्यावरून मत बनवतो. डिव्हिजन थ्रीच्या कोचची खरी मॅच ॲडमिशन ऑफिसात असते. बारावीच्या आधीच्या उन्हाळ्यात तो मुलांचे मार्क ॲडमिशनवाल्यांकडे पाठवतो, त्याला प्री-रीड म्हणतात. तिथून "हा चालेल, हा नाही" असं कळतं. मग ज्या मुलाला होकार मिळाला त्याने नोव्हेंबरात अर्ली डिसिजनने अर्ज करायचा, म्हणजे घेतलं तर येणारच असं बांधून घ्यायचं. तुमच्या कोचना दरवर्षी असे किती होकार मिळतात? तीन की दहा? ते कळल्याशिवाय डावपेचांवर बोलणं म्हणजे भाजीत मीठ कमी म्हणून शेतकऱ्याला बोल लावणं.

रंकाळा_टॉवर | १७ ऑगस्ट, रात्री ११:०५

स्मिताताई, ॲडमिशनचं मान्य. पण उंच बॉल मारा असं ॲडमिशन ऑफिसने सांगितलेलं नाही ना?

पायथन_पाटील | १८ ऑगस्ट, सकाळी ७:२०

ऑफिसला जायच्या आधी थोडं आकड्यांचं.

पाच बरोबरी बघून घाबरू नका. २०२२ पासून कॉलेज फुटबॉलमध्ये साखळी सामन्यांतला जादा वेळ काढून टाकला. आधी दहा-दहा मिनिटांचे दोन डाव असत आणि पहिला गोल झाला की खेळ खलास. आता ९० मिनिटांना १-१ असेल तर १-१ च. फक्त प्लेऑफमध्ये जादा वेळ, तोही पूर्ण खेळवतात. त्यामुळे बरोबऱ्या सगळ्यांच्याच वाढल्यात.

राष्ट्रीय स्पर्धेचं म्हणाल तर ६४ संघ. बहुतेक जागा कॉन्फरन्स विजेत्यांच्या, उरलेल्या थोड्या बाकीच्यांसाठी. त्या उरलेल्या आधी समिती बसून वाटायची, २०२४ पासून एनपीआय नावाचं गणित वाटतं. जिंकलात यापेक्षा कोणाला हरवलंत याला वजन. दुबळ्या संघावर ६-० ने जिंकून तुमचा आकडा खाली येत असेल तर तो विजय काही अटींवर मोजणीतून गळतो. म्हणून हुशार कोच सप्टेंबरात मुद्दाम तगडे संघ बोलावतात. तुमच्या यंदाच्या वेळापत्रकात कॉन्फरन्सबाहेरचे सामने कोणाशी आहेत? त्यावरून कोचची भूक कळेल.

रंकाळा_टॉवर | १८ ऑगस्ट, सकाळी ८:०१

बघितलं. सहापैकी चार आमच्याहून छोटी कॉलेजं. एकाचं मैदान तर मका आणि चर्च यांच्या मधे आहे. भूक कळली.

चौथा_पंच | १८ ऑगस्ट, दुपारी १२:३०

मी ओहायोत शाळांच्या आणि कधीमधी कॉलेजांच्या मॅचना पंच असतो. मैदानाच्या आतून लिहितोय.

"वीस वर्षं एकाच जागी" हा गुन्हा होत नाही. आमच्याकडे ओहायो वेस्लियनला जे मार्टिन १९७७ पासून चाळीसहून जास्त वर्षं कोच होते. ७०० पेक्षा जास्त विजय, पुरुष कॉलेज फुटबॉलमध्ये कोणत्याही डिव्हिजनमध्ये तेवढे कोणाचे नाहीत. राष्ट्रीय विजेतेपदं दोन, १९९८ आणि २०११. मधे तेरा वर्षं. त्या तेरा वर्षांत कोण्या पालकाने "आता बदला" म्हटलं नसेल? म्हटलंच असेल. त्यांच्याआधी विजयांचा विक्रम इलिनॉयच्या व्हीटन कॉलेजच्या ज्यो बीन यांचा, तेही असेच एका जागी मुरलेले. त्यांची विजेतेपदं १९८४ आणि १९९७. पुन्हा तेरा.

छोट्या कॉलेजात कोच म्हणजे प्राध्यापकासारखा. काही ठिकाणी तो एक वर्गही शिकवतो, बस बुक करतो, जर्सी धुवायला टाकतो. एक पूर्णवेळ कोच, एक अर्धवेळ सहायक, गोलकीपरचा कोच आठवड्यातून दोनदा. डिव्हिजन वनशी तुलना करूच नका.

ढोल_ताशा_डॅलस | १८ ऑगस्ट, दुपारी १:१०

चौथा पंच, दोन नावं घेऊन नियम होत नाही. मार्टिन एक असतील तर वीस वर्षं खुर्ची उबवणारे पन्नास असतील. उलट उदाहरण देतो. टफ्ट्स २०१० पर्यंत कोणाच्या खिजगणतीत नव्हतं. कोच म्हणून जॉश शापिरो आले आणि २०१४, २०१६, २०१८, २०१९ अशी चार विजेतेपदं. तेच कॉलेज, तीच ॲडमिशनची कटकट, तीच थंडी. बदललं काय? कोच. नंतर ते हार्वर्डला गेले आणि २०२४ पर्यंत तरी टफ्ट्सला पाचवं मिळालं नाही. याहून मोठा पुरावा काय हवा?

स्मिता_न्यूटन | १८ ऑगस्ट, दुपारी १:४४

मग मेसायाचं काय करायचं? पेनसिल्वेनियातलंच छोटं ख्रिस्ती कॉलेज, आता युनिव्हर्सिटी म्हणवतात. २००० ते २०१७ मध्ये अकरा विजेतेपदं. पहिली सहा कोच डेव्ह ब्रँटची. २००८ चं जिंकून ते नेव्हीच्या (नौदल ॲकॅडमीच्या) संघाकडे गेले. सगळ्यांना वाटलं संपलं. ब्रॅड मॅकार्टी आले आणि २००९, २०१०, २०१२, २०१३, २०१७. म्हणजे माणूस गेला तरी घडी मोडली नाही.

ढोलताशा, तुमचा पुरावा माझ्या पुराव्याशी भांडत बसलाय.

ढोल_ताशा_डॅलस | १८ ऑगस्ट, दुपारी १:५२

घडी बसवली कोणी? कोचनेच ना?

सदाशिव_दुपारी_बंद | १८ ऑगस्ट, दुपारी ४:०१

(उठलो.) दोघेही एकच बोलताय आणि भांडताय. चहा घ्या.

अनघा_शिकागो | १८ ऑगस्ट, संध्याकाळी ६:२५

शिकागो युनिव्हर्सिटीचं कोणीच कसं काढलं नाही? २०२२ च्या वसंतात ज्युलियॅन सिच यांना पुरुष संघाची कोच नेमलं, आणि पहिल्याच मोसमात विजेतेपद. एकही सामना हरल्या नाहीत, फायनलला विल्यम्सवर २-० ने मात. अमेरिकेतल्या पुरुष कॉलेज फुटबॉलमध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारी ती पहिली बाई. तेव्हा माझी मुलगी तिथेच शिकत होती, बॉल कोणत्या आकाराचा असतो तेही तिला माहीत नव्हतं, तरी त्या आठवड्यात फोनवर दुसरा विषय नाही.

संघ त्यांना बराचसा तयार मिळाला होता असं लोक म्हणतात. असेल. पण तयार संघ हातात घेऊन तो न बिघडवणं हेही सोपं नसतं. तयार पिठाच्या पोळ्या करपवणारे घरोघरी आहेत.

गोंयकार_आजोबा | १८ ऑगस्ट, रात्री ८:३०

मी मडगावचा. सध्या सहा महिने मुलाकडे न्यू जर्सीत. नातू शाळेत खेळतो, त्यामुळे हा धागा वाचतोय.

आमच्याकडे गोव्याच्या धेंपो क्लबात आर्मांदो कुलासो कोच होते. पाच राष्ट्रीय विजेतेपदं एका क्लबसाठी, एका कोचची. आणि मुलं बहुतेक गोव्याचीच. ते कधी ओरडताना दिसले तर लोक घरी जाऊन सांगत. मग भारताच्या संघाचे कोच झाले आणि थोड्याच महिन्यांत परत. माणूस तोच. धेंपोत त्यांना खेळाडूच्या घरची कुत्री माहीत असत, तिथे दोन आठवड्यांच्या कॅम्पात काय माहीत होणार?

रंकाळा, तुमच्या कोचला तुमच्या मुलाचं नाव नीट उच्चारता येतं का? हे पहिलं बघा.

रंकाळा_टॉवर | १८ ऑगस्ट, रात्री ८:५५

आजोबा, येतं. पहिल्या दिवशीच मला बाजूला घेऊन तीनदा म्हणवून घेतलं, हातावर पेनाने लिहिलं. 'ळ' जमला नाही, पण प्रयत्न केला. हे मी विसरलो होतो.

गोली_नं_१२ | १९ ऑगस्ट, रात्री १२:२०

नमस्कार. मी न्यू जर्सीत वाढलो, मराठी रविवारच्या शाळेचं आहे, चुका सांभाळून घ्या. चार वर्षं डिव्हिजन थ्रीमध्ये गोलकीपर होतो. चारपैकी अडीच वर्षं बाकावर. म्हणून बाकाबद्दल अधिकाराने लिहितो.

काका, तुम्ही म्हणता सीनियर आधी. बाहेरून तसं दिसतं. आत काय असतं ते सांगतो.

प्री-सीझनच्या पहिल्या दिवशी धावण्याची चाचणी असते. ऑगस्ट, दमट हवा, गवतावर पांढरे पट्टे. बीप वाजली की या टोकाकडून त्या टोकाला. दुसऱ्या वर्षाची मुलं उन्हाळाभर क्लबकडून खेळून येतात, त्यांना वाटतं आपण तयार. सीनियर उन्हाळाभर इंटर्नशिप करतो आणि पहाटे पाचला एकटा धावतो, कारण ही शेवटची. चाचणीत तो पुढे असतो. कोचने यादी लावायच्या आधीच ती मैदानावर लागलेली असते.

बदलीचा नियमही बघा. पहिल्या हाफमध्ये एकदा बाहेर आलात की त्या हाफमध्ये परत जाता येत नाही. दुसऱ्या हाफमध्ये एकदा परत जाता येतं. म्हणून बरेच कोच विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला चार-पाच जण एकदम बदलतात, ताज्या पायांनी दमवायला. पण बचावाची फळी सहसा कोणी हलवत नाही. फॉरवर्डने चूक केली तर कोणी लिहून ठेवत नाही, बॅकने केली तर ती स्कोअरबोर्डवर लागते. तुमचा मुलगा विंगर असता तर त्याला ५०० मिनिटं मिळाली असती. लेफ्ट बॅकला बारी यायला वेळ लागतो, गोलीला त्याहून जास्त.

आमच्या कोचचं काम मला खरं दिसलं ते फेब्रुवारीत. मोसम संपलेला, बाहेर बर्फ. तो प्रत्येकाला अर्धा तास बोलावायचा. लॅपटॉपवर क्लिप लावायचा. माझ्या नऊ क्लिप होत्या. नऊच्या नऊ क्रॉसच्या, म्हणजे बाजूने गोलसमोर येणाऱ्या बॉलच्या. मी पुढे यायचं की नाही हे ठरवायला अर्धा सेकंद घेतो आणि तेवढ्यात बॉल जातो. तो काहीच बोलला नाही. फक्त नऊ वेळा स्पेसबार दाबला. त्यानंतर मी दीड वर्षं क्रॉसच पकडत होतो.

तुमच्या मुलाची अशी मीटिंग झाली असणार. त्याला विचारलंत?

ढोल_ताशा_डॅलस | १९ ऑगस्ट, सकाळी ८:१०

गोली, सुंदर लिहिलंस. तुझ्या मराठीला माझा दंडवत, माझी मुलं "आई, भूक" यापुढे जात नाहीत.

पण तुझा कोच चांगला होता म्हणून सगळे तसेच असतील असं नाही. क्लिप न दाखवणारेही असतात.

पायथन_पाटील | १९ ऑगस्ट, सकाळी ९:३०

यंदाच्या आशेबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो.

२०२५ च्या जूनमध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, त्यात सामील झालेल्या डिव्हिजन वन कॉलेजांना पुरुष फुटबॉल संघात २८ खेळाडूंचीच मर्यादा आलीय. संघामागे ९.९ शिष्यवृत्त्यांची जुनी कमाल गेली, डोक्यांची आली. ज्यांचा संघ ३४-३५ चा होता त्यांची सहा-सात मुलं बाहेर. ती कुठे जाणार? शिवाय वरच्या डिव्हिजनमध्ये परदेशातून आलेले एकवीस-बावीस वर्षांचे गडी. अठराचं पोरगं तिथे कुठे उभं राहणार? त्यामुळे डिव्हिजन थ्रीच्या कोचसमोर यंदा बाजार भरलाय. जो फोन करेल त्याला माल मिळेल. तुमच्या संघात किती ट्रान्सफर (दुसऱ्या कॉलेजातून आलेले) आलेत?

रंकाळा_टॉवर | १९ ऑगस्ट, सकाळी १०:०५

एक. आणि तोही गोलकीपर.

गोली_नं_१२ | १९ ऑगस्ट, सकाळी १०:०६

गोलकीपरला "तोही" म्हणू नका काका.

चौथा_पंच | १९ ऑगस्ट, दुपारी १:००

एक कडू गोष्ट कोणी काढली नाही म्हणून मी काढतो. नवे किती आले?

रंकाळा_टॉवर | १९ ऑगस्ट, दुपारी १:२०

फर्स्ट इयरचे चौदा. एकूण ३९.

चौथा_पंच | १९ ऑगस्ट, दुपारी २:१५

तेच. ३९ मुलं. मैदानावर अकरा. अशा छोट्या, फीवर चालणाऱ्या कॉलेजांत कोचवर एक आकडा असतो, आणि तो विजयांचा नसतो. दरवर्षी इतकी मुलं आणा. प्रत्येक मुलामागे फी आहे, खोलीभाडं आहे, मेस आहे. शिकायला येणारी अठरा वर्षांची मुलंच कमी होत चाललीत, आणि छोटी कॉलेजं एकेक करून कुलूप लावतायत. फिलाडेल्फियाजवळचं कॅब्रिनी २०२४ मध्ये बंद झालं. २०१९ मध्ये त्यांनी लॅक्रॉसचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं होतं. अलाबामात बर्मिंगहॅम-सदर्न ३१ मे २०२४ ला बंद झालं, आणि त्याच दिवशी त्यांचा बेसबॉल संघ ओहायोत राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या आठ संघांत खेळत होता. आमच्याच राज्यात, इथून फार लांब नाही. कॉलेज नाही, संघ आहे.

त्यामुळे तुमच्या कोचला कोणी काढणार नाही. चौदा मुलं आणली ना? वरच्या मजल्यावर सगळे खूश. आणि ३९ मध्ये तुमच्या मुलाला १४० मिनिटं मिळाली तर ती कमी नाहीत. पंधरा-एक जण शून्यावर असतील.

सदाशिव_दुपारी_बंद | १९ ऑगस्ट, दुपारी ४:१०

म्हणजे माझा मिनिटाचा हिशोब त्यांच्या पालकांनी करायचा तर भागाकारच होत नाही. शून्याने भागता येत नाही असं भावे सर सांगायचे.

अनघा_शिकागो | १९ ऑगस्ट, संध्याकाळी ५:३०

चौथा पंच, हे वाचून घशात काहीतरी अडकलं. एवढी मुलं घ्यायची आणि खेळवायचं नाही, मग त्यांना सांगतात का आधी? वेगळा ज्युनियर संघ असतो का?

चौथा_पंच | १९ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४०

काही ठिकाणी असतो, रविवारी सकाळी रिकाम्या मैदानावर खेळतात. काही ठिकाणी नुसता कागदावर. आणखी एक मेख आहे. डिव्हिजन थ्रीमध्ये २०२५ च्या नियमाप्रमाणे मोसमाचा पहिला सामना झाल्यावर सरावाला जरी उतरलात तरी ते वर्ष खर्ची पडतं. "यंदा नुसता सराव करतो, वर्ष राखून ठेवतो" ही डिव्हिजन वनची सोय इथे नाही. बाकावरचं वर्षही वर्षच.

स्मिता_न्यूटन | १९ ऑगस्ट, रात्री ९:१५

मी जरा वेगळं म्हणते. ३९ हा आकडा नेहमीच लबाडी असतो असं नाही. सेंट ओलाफ बघा, मिनेसोटातलं. नेस्कॅकचा पैसा नाही, शिकागोचं नाव नाही. २०२३ ला फायनलमध्ये आमच्या ॲमहर्स्टला २-१ ने हरवलं. (आमच्या म्हणजे कॉन्फरन्सच्या. मुलाचं कॉलेज सांगणार नाही.) पहिलंच विजेतेपद. मी ती मॅच लॅपटॉपवर बघत होते, शेवटच्या मिनिटांत आमच्या घरात कोणी श्वास घेत नव्हतं. ॲमहर्स्टने पुढच्याच वर्षी, २०२४ ला, जिंकून दाखवलं ते वेगळं.

आणि रंकाळा, उंच बॉलबद्दल: ॲमहर्स्टला लोक वर्षानुवर्षं हेच म्हणत आलेत. लांब थ्रो-इन, सरळ खेळ, ताजे पाय. नाक मुरडणारे मुरडतात, त्यांचे कोच जस्टिन सर्पोन यांच्या कपाटात २०१५ आणि २०२४ चे चषक आहेत. उंच बॉलचं वावडं नको. तो कोणासाठी मारलाय आणि खाली पडल्यावर दुसरा कोण तिथे असणार, ते बघा.

रंकाळा_टॉवर | २० ऑगस्ट, रात्री ११:३०

काल रात्री पोराचा फोन आला, तेव्हा गोलीने सांगितलेलं विचारलं. "फेब्रुवारीत कोचने तुला काही दाखवलं होतं का?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "अकरा क्लिप होत्या."

मी म्हटलं, कसल्या? तर म्हणे बॉल आपल्याकडून गेला की मी परत धावतो ते. "धावतो कुठे बाबा, जॉग करतो. अकरा वेळा. एकदा तर कंबरेवर हात ठेवून." मी प्रत्येक घरच्या मॅचला होतो. मला एकदाही दिसलं नाही, कारण तोवर मी बॉलकडे बघत असतो. कोल्हापुरात पायरीवर शेजारी एक म्हातारे बसायचे, ते नेहमी म्हणत, "बॉल काय बघतोयस, माणूस बघ." पन्नाशी उलटली तरी मी बॉलच बघतोय.

चाचणीत ३९ पैकी सातवा आला. गेल्या वर्षी एकतिसावा होता.

तरी माझं म्हणणं मी मागे घेत नाही. सहापैकी चार सोपे सामने कशाला ठेवलेत? आणि समोरच्यांच्या कॉर्नरला अकराच्या अकरा आपल्या बॉक्समध्ये का? बॉल बाहेर काढला की पुढे कोणीच नसतं, पुन्हा आपल्याच अंगावर. गेल्या मोसमात दोन गोल असेच खाल्ले. याचं उत्तर कोणी द्या.

गोली_नं_१२ | २० ऑगस्ट, रात्री ११:४८

कॉर्नरचं तुमचं बरोबर आहे काका. मला नेहमी एक जण मध्यरेषेवर हवा असायचा. त्याच्यामुळे समोरचे दोन जण मागे राहतात, माझ्यासमोर गर्दी कमी. कोच ऐकायचा नाही.

सातवा मस्तच. त्याला सांगा, सुरुवातीच्या अकरात नसेल तरी साठाव्या मिनिटाला वॉर्म-अपला पहिला उठ.

गोंयकार_आजोबा | २१ ऑगस्ट, सकाळी ६:१०

अकराच्या अकरा आत ठेवणारा कोच म्हणजे एकदा शेवटच्या मिनिटाला खाल्लेला गोल न विसरलेला माणूस. वीस वर्षांत असा एखादा असणारच. विचारू नका, जखम असते ती.

अनघा_शिकागो | २१ ऑगस्ट, सकाळी ९:००

पहिला सामना कधी? आम्ही त्या आठवड्यात नणंदेकडे हॅरिसबर्गला आहोत. जवळ असेल तर येतो, मराठीतून ओरडायला दोन माणसं जास्त.

रंकाळा_टॉवर | २१ ऑगस्ट, सकाळी ९:२५

शनिवार, ६ सप्टेंबर, दुपारी एक. तिकीट नाही, घडी खुर्ची आणा, सावली फक्त समोरच्या बाजूला असते. आणि आधीच सांगतो, घड्याळ उलटं चालतं. ४५ पासून खाली. शेवटची दहा सेकंदं माइकवरून मोजतात, रॉकेट सोडल्यासारखं. पहिल्या वर्षी मी दुखापतीच्या वेळेची वाट बघत उभा होतो आणि मुलं हात मिळवून निघूनही गेली.

मॅचनंतर पालकांचं टेबल असतं, दोन्ही संघांची मुलं तिथेच खातात. यंदा पहिल्या मॅचला पाळी आमची. बायको बटाटेवडे करणार म्हणते. साठ पुरतील का?

गोली_नं_१२ | २१ ऑगस्ट, सकाळी ९:३१

दीडशे. गोलकीपर एकटा सहा खातो.

सदाशिव_दुपारी_बंद | २१ ऑगस्ट, सकाळी ९:४०

हरलात तर समोरच्यांना चटणी तिखट द्या.

रंकाळा_टॉवर | २१ ऑगस्ट, सकाळी ९:४४

जिंकलो तरी तिखटच असणार. कोल्हापूर आहे.

स्मिता_न्यूटन | २१ ऑगस्ट, सकाळी १०:०२

कोचना पहिला वडा तुम्ही स्वतः नेऊन द्या. आणि खेळण्याच्या मिनिटांचा विषय काढू नका. कॉर्नरचाही नको.

रंकाळा_टॉवर | २१ ऑगस्ट, सकाळी १०:०५

कॉर्नरचा काढणार.